बिनझाकणाची कोजागिरी

१४ सप्टेंबर, रविवार

आले एकदाची! नालवाडीच्या या घरात सामान लागलं, गॅस जोडला, आणि आता पंख्याखाली पाय पसरून हे लिहितेय. नागपुरात जन्मभर दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये काढल्यावर इथे स्वतंत्र घर, पुढे ऐसपैस ओटा, वर गच्ची, अंगणात कडुनिंब. भाडं ऐकून आधी वाटलं, काहीतरी गोम असणार. गोम एवढीच, की स्वयंपाकघरातल्या फडताळांना दारं नाहीत, नुसत्या बिजागऱ्यांच्या खुणा आहेत, आणि भिंतींना दवाखान्यासारखा हिरवा ऑइलपेंट आहे. रंग डोळ्यांना खुपतो, पण पुसायला बरा. मी लगेच दोनदा पुसून घेतला.

घरमालक लक्ष्मणराव आणि मनकर्णाकाकू शेजारच्याच नव्या घरात राहतात. मध्ये तारेचं कुंपण आणि गोठा. गोठ्यात दोन म्हशी. त्यातली एक नुकतीच व्यालीय. म्हणजे सामान उतरतं न उतरतं तोच काकू ताटली घेऊन हजर. खरवस.

आता इथे कुणी वाचणार नाही म्हणून लिहिते. मला खरवस बघवत नाही. तो पांढराफटक थलथलीत गोळा, ताटली हलली की आपणही हलणारा. बोट लावलं की रुततं आणि खळगा तसाच राहतो. वासराच्या वाटणीचं पहिलं दूध ते, चिकट, पिवळसर. त्यात गूळ नि वेलदोडा घालून वाफवायचं आणि वर म्हणायचं, पौष्टिक. काकू म्हणाल्या, "खाजो गरम गरम, लाजू नोको." मी तोंडभर हसून घेतला आणि त्यांची पाठ फिरताच कण्हेरीखाली पुरून आले. मुंग्यांनी तासाभरात शोधून काढला.

माझं नाक आणि माझं मन, दोन्ही जरा जास्तच तिखट आहेत. धंदाच तसा. अन्नाचे नमुने तपासायची खाजगी प्रयोगशाळा, आता तिच्या इथल्या शाखेची मी प्रमुख. बेसनात उंदराचे केस, जिऱ्यात लेंड्या, मसाल्यात अळीची कातडी. माझं सगळं आयुष्य लोकांच्या जेवणात काय काय पडलंय ते बघण्यात चाललंय. पाकीट फोडण्याआधी मी संशय मोठ्यानं सांगते, "अळ्या असतील", "बुरशी असेल", आणि मदतनीस तो टिपून घेतो. वर्षानुवर्षांची सवय. घरी डबा उघडतानाही तोंडातून काहीतरी निघतंच. आई म्हणायची, अपेक्षा, देवानं सगळ्यांच्या तोंडाला झाकण दिलं, तुझ्याच वेळी विसरला.

१७ सप्टेंबर, बुधवार

काकू बोलायला बसल्या की उठायचं नाव घेत नाहीत, पण बाई मायाळू आहे. आज माझ्यासाठी भाकरी आणि झुणका घेऊन आल्या. (झुणका मी चमच्यानं उकरून, उजेडात धरून, मगच खाल्ला. उत्तम होता.) हे घर त्यांच्या सासूच्या हातचं. त्यांच्या दोन्ही सुना इथेच नांदल्या, पण दिवस गेले की लगेच माहेरी. काकू अगदी सहज म्हणाल्या, "या घरात पोटुशी बाई ठेवत नसतेत. माह्या सासूनं मलेबी तिसऱ्याच महिन्यात माहेरी केळझरले धाडलं होतं." मी मनात म्हटलं, चला, सासुरवाशिणींना सहा-सहा महिने सुट्टी देणारं घर म्हणजे पुढारलेलंच की!

फडताळाची दारं काऊन काढली विचारलं, म्हणजे मीही आता "काऊन" म्हणायला लागले. म्हणाल्या, झाकून ठेवलं की खराब होते. मला पटलं. हवा खेळली पाहिजे.

२० सप्टेंबर, शनिवार

भुलाबाई! आईच्या तोंडून ऐकलेलं, आज पहिल्यांदा पाहिलं. भादव्यातल्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई माहेरपणाला येते म्हणे. मातीची भुलाबाई, मातीचा भुलोबा, मांडीवर गणपती, वर ज्वारीच्या धांड्यांचं मखर. गल्लीतल्या पोरी संध्याकाळी जमून टाळ्या वाजवत गाणी म्हणतात. आणि ती बसते कुठे? माझ्या ओट्यावर! काकूंनी हात जोडून विचारलं, म्हणाल्या, तू नवीन म्हणून यंदा इतके दिवस आमच्याकडे बसवली, पण सासूच्या काळापासून तिची जागा हीच. मी कशाला नाही म्हणते? शेजाऱ्यांशी ओळख करायला याहून सोपी वाट कुठली?

गाण्यांनंतर खिरापत. ज्या घरची पाळी ती बाई खाऊ झाकणाच्या डब्यात आणते, डबा हलवून दाखवते, आणि पोरींनी ओळखायचं. ओळखल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. सगळ्यांत धाकटी छकुली, पुढचे दोन दात पडलेली, डब्याला कान लावून ओरडली, "फुटाणे!" उघडलं तर फुटाणेच. टाळ्या! खिरापत लक्ष्मणरावांच्या भावजयीची होती. ती आपली डब्यात बघतच राहिली, म्हणे मी तर मुरमुरे भरले होते. मग स्वतःलाच हसली आणि म्हणाली, वय झालं.

पोरी सांगत होत्या, दुसरीकडे ओळखायला खूप वेळ लागतो, या ओट्यावर मात्र पहिल्याच फटक्यात जमतं. म्हणून त्यांना हे घर आवडतं. मलाही आवडायला लागलंय.

२५ सप्टेंबर, गुरुवार

ठरलं! कोजागिरी माझ्याकडे. एम.एस्सी.ला असताना दर कोजागिरीला आम्ही चौघी सुरभीच्या गच्चीवर दूध आटवायचो. मग लग्नं, बदल्या, सासवा, आणि सगळं बंद पडलं. आज हिंमत करून सगळ्यांना फोन लावले. सुरभी तयार, जागृती तयार. रूपालीला विचारायला जीभ जड झाली होती. तिला सातवा लागलाय. आधीची दोन राहिली नाहीत. दुसऱ्या वेळी दवाखान्यात मीच होते तिच्याजवळ, तिनं माझा हात सोडला नव्हता. पण तीच आधी बोलली की डॉक्टरांनी गाडीनं हळूहळू जायला हरकत नाही म्हटलंय, आणि मला तुझ्या हातचं दूध प्यायचंय, बाळालाही. म्हणाली, तुझ्याइतकं स्वच्छ दूध जगात कुणी आटवत नाही.

या एका वाक्यावर मी दिवसभर तरंगतेय. लोक माझ्या चिकित्सेला नाकं मुरडतात. ही एकटी कधी मुरडत नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार

हात अजून धुतेय. लिहिते, मग पुन्हा धुणार.

आज खिरापतीची माझी पाळी होती. शंकरपाळे केले. स्वतः मैदा चाळला, स्वतः तळले, स्टीलच्या डब्यात स्वतः भरले. पोरी ओट्यावर गोल बसल्या. मी डबा हलवला, खुळखुळ आवाज आला. छकुली तोंड उघडणार एवढ्यात मला थट्टा सुचली. म्हटलं, "दात आहेत दात! तुझे पडलेले सगळे गोळा करून आणलेत." पोरी खिदळल्या. छकुलीनं झाकण काढलं आणि धाकटीचा मान म्हणून न बघताच मूठ भरून तोंडात घातली.

कडकन आवाज झाला.

डबा दातांनी भरला होता. माणसांच्या. पिवळे, तंबाखूनं काळवंडलेले, किडून पोखरलेले, काहींच्या मुळाशी गुलाबी मांसाचे तुकडे, ओले. छकुलीनं थुंकलं तेव्हा एक दाढ माझ्या पायावर पडली. कोमट होती.

पोरी किंचाळत पळाल्या. एकदोघी ओट्यावरच ओकल्या. मी त्यांच्या आयांना सांगितलं, प्लास्टिकचे होते, थट्टेचे. कुणाचा विश्वास बसला नाही, माझाही नाही. डब्याचं झाकण पुन्हा लावून मी वेड्यासारखी "शंकरपाळे, शंकरपाळे" म्हणत होते. उघडलं तर दातच.

२८ सप्टेंबर, रविवार

काकू सकाळीच आल्या. ओट्याच्या पायरीवरच बसल्या, आत आल्या नाहीत. मला रागावल्या, पण आवाज न चढवता. "बाई, तुले माईत नव्हतं, चुकी माहीच हाये. भुलाबाई माहेरवाशीन हाये. पोरींनं जे नाव घेतलं ते ते देते. इतकी वर्सं या ओट्यावर बसून राह्यली, त घराले सवय लागली. झाक्या भांड्यावर पयलं नाव घेतलं का लागते ते. म्हनून खाच्या वस्तूचंच नाव घ्या लागते, चांगल्या. आन एकदा लागलं का लागलं, मंग कितीबी दुसरं बोल."

मी शास्त्र शिकलेली बाई. हसायला हवं होतं. पण पायाला त्या दाढेचा स्पर्श अजून आहे. विचारलं, मग घर भाड्यानं कशाला दिलं? काकूंनी मान खाली घातली. म्हणाल्या, आमी दारं काहाडली होती ना.

एक दात पुडीत बांधून ठेवलाय. उद्या प्रयोगशाळेत.

२९ सप्टेंबर, सोमवार

दात माणसाचाच आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पुढचं पाहायची हिंमत झाली नाही, कचऱ्यात टाकला.

घरी येऊन डोशासाठी आंबवलेल्या पिठाचं पातेलं काढलं. उन्हामुळे जास्त आंबलं असणार, म्हणून सवयीनं पुटपुटले, शेंबडासारखं झालं असणार. झाकण काढलं.

मी ते लिहिणार नाही. पळी वर उचलली तेव्हा त्याची हिरवट तार तुटेना. पातेल्यासकट बाहेर नेऊन फेकलं, परत येऊन ओकले. वास अजून पडद्यांना आहे.

३० सप्टेंबर, मंगळवार

सकाळी चहापत्तीचा डबा. "झुरळांचे पाय" म्हटलं गेलं. मी काय करू, तोंड माझं ऐकतच नाही! डबा भरून नुसते पाय. बारीक, काटेरी, काही हलणारे.

प्रयोगशाळेत मात्र सगळी पाकिटं नीट. मुद्दाम काय वाटेल ते बोलून फोडली. धण्यात धणेच. म्हणजे दोष माझ्यात नाही, त्या घरात आहे. जीव जरा खाली बसला.

संध्याकाळी रूपालीला फोन करून सांगितलं की इथे पाणी येत नाही, कोजागिरी सुरभीकडे करू. ती रडायलाच लागली. म्हणाली, सात महिने सासू मला काचेच्या भांड्यासारखी फडताळात ठेवून राहिलीय, एक संध्याकाळ मागितली तर तुझं पाणी गेलं? सुरभीच्या सोसायटीला लिफ्ट नाही, चार मजले मी चढू?

ये म्हटलं.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

आज पहिल्यांदा हसले. काल रात्रभर विचार केला की घराला सवय असेल तर आपणही लावून घ्यावी. सकाळी रिकामा डबा घासून पुसून ठेवला, झाकण लावलं, आणि देवाचं नाव घेतल्यासारखं मोठ्यानं म्हटलं, "काजूकतली."

होती! चांदीचा वर्ख लावलेली, ताजी. तोडून, हुंगून, उन्हात धरून पाहिली. निर्दोष. अर्धा तास बसून खाल्ली. मग "श्रीखंड" म्हटलं. मग "पुरणपोळी". गुळाचा खडासुद्धा लागला नाही दाताखाली. इतकं शुद्ध अन्न माझ्या प्रयोगशाळेनं जन्मात पाहिलं नसेल. सोनं द्यायला आलेल्या काकूंना वाटीभर श्रीखंड दिलं. त्यांनी घेतलं नाही. "तिच्या जिवावर मौज करू नोको," एवढंच म्हणाल्या.

पोरी परत यायला लागल्यात. मी त्यांना ओळीत बसवून शपथ घातली की या ओट्यावर खाऊचंच नाव घ्यायचं, गोड, चांगलं, दुसरं काही नाही. छकुलीनं तर गळ्याला हात लावून शपथ घेतली.

घाबरायचं काय त्यात? उकळत्या तेलालाही आपण भीत नाही, नीट वागतो. कोजागिरी होणार.

४ ऑक्टोबर, शनिवार

सहकारी कैलास कारंज्याचा आहे. त्यानं घरच्या बागेतली संत्री दिली. ओट्यावर बसून सोलायला घेतलं, हाताला हलकं लागलं. म्हणून म्हटलं, नुसता कापूस असणार.

कापूस होता. वापरलेला. पिवळा, ओला, मधोमध तपकिरी डाग, आणि तो जखमेची पट्टी सोडतानाचा गोडसर कुबट वास. नखांत गेला. नखं मुळापर्यंत कापली, रक्त आलं तरी.

म्हणजे झाकण असायलाच हवं असं नाही. साल चालते. शेंग चालेल. अंडं चालेल. घरात आतलं न दिसणारं काहीही नको. अंडी शेजारी दिली. नारळ दिला. संत्री म्हशीला घातली. टूथपेस्ट कापून वाटीत काढली.

५ ऑक्टोबर, रविवार

तयारी पूर्ण. दूध उघड्या पातेल्यात आटवणार, तसं कोजागिरीला ते चांदण्यात उघडंच हवं. भेळ परातीत. भजी डोळ्यांसमोर. पाणी काचेच्या जगमध्ये. खिरापतही उघड्या ताटात, म्हणजे ओळखायचं कामच नको. सगळी झाकणं पोत्यात भरून पोतं गल्लीच्या टोकाला ठेवून आले. बिनझाकणाची कोजागिरी!

काकूंची दुसरी म्हैस आज दुपारी व्याली. खरवसाचा वास कुंपणावरून येतोय. छकुली गोठ्यापासून हलायला तयार नाही. काकूंनी तिला उद्या देईन म्हणून सांगितलंय. उद्या सकाळी काकू आणि लक्ष्मणराव केळझरला गणपतीच्या दर्शनाला जाणार, मुक्कामी. मी त्यांना म्हणणार होते, माझ्या मैत्रिणी येतायत, एक तर पोटुशी आहे, आशीर्वाद द्यायला थांबा.

पण ते वाक्य मनातच राहिलं. काकू म्हशीच्या गडबडीत होत्या, मीही घाईत. उद्या सकाळी सांगेन.

६ ऑक्टोबर, सोमवार. सकाळ

उठेपर्यंत काकू गेल्या होत्या. कुंपणावर झाकलेली वाटी ठेवून गेल्यात. न उघडता, न बोलता, गोठ्यापलीकडे फेकून आले.

दुपार

दूध चढवलंय. साय धरते ती काढत राहते. सायही झाकणच.

तोंडात लवंग धरलीय, म्हणजे बोलणं नको.

संध्याकाळ

आल्या! सुरभी जाडी झालीय, जागृती तशीच किडकिडीत. रूपाली गाडीतून उतरली आणि मला तिच्याकडे बघतच राहावंसं वाटलं. हिरवी साडी, चेहऱ्यावर तेज. म्हणाली, अख्ख्या रस्त्यानं लाथा मारतंय, कोजागिरी कळलेली दिसतेय त्याला. तिला ओट्यावर खुर्ची दिली, पाठीला उशी. सुरभीनं विचारलं, तुझ्याकडे एकाही भांड्याला झाकण कसं नाही गं? हसण्यावारी नेलं. सगळं छान चाललंय. किती दिवसांनी घरात माणसांचा आवाज! पोरी आल्या वाटतं, गाणी सुरू झाली. दूध ढवळून येते.

त्याच संध्याकाळी

स्वयंपाकघरात आहे. दार लोटलंय.

नीट लिहायला हवं, म्हणजे मग कुठे चूक झाली ते —

गाणी संपली. मी खिरापतीचं ताट आणलं, उघडं. पोरी हिरमुसल्या. शेवटचा दिवस आणि ओळखायलाच काही नाही? छकुलीचा चेहरा एवढासा झाला. सुरभीला दया आली. तिनं रूपालीचा पदर ओढून पोटावर नीट पसरला आणि पोरींना म्हणाली, चला, हा आमचा डबा. ओळखा बरं, यात काय?

मी ताट टाकलं. मी ओरडणारच होते. पण तोंडातली लवंग घशात गेली, ठसका —

पोरींना मीच शपथ घातली होती. खाऊचंच नाव. गोड.

छकुलीनं पोटाला कान लावला. दोन दिवस त्या एकाच गोष्टीसाठी गोठ्यापाशी बसलेली पोर ती. ओरडली, "खरवस!"

सगळ्या हसल्या. टाळ्या. रूपाली सगळ्यांत जास्त. हसताना तिचं पोट —

मी म्हटलं बाळ. बाळ आहे, बाळ आहे, रूपालीचं बाळ आहे. किती वेळा म्हटलं. त्यांना वाटलं मीही खेळतेय. सुरभी म्हणाली, तुला उशीर झाला, पहिला नंबर छकुलीचा.

या घरात पोटुशी बाई ठेवत नसतेत. मला वाटलं पुढारलेलं घर. मी पुसत बसले. भिंती पुसत, डबे पुसत बसले, आणि तिला स्वतः हाताला धरून पायरी चढवली —

थोड्या वेळानं

पुन्हा बाहेर जाऊन आले. रूपाली म्हणते, आता अगदी शांत झालं गं, दूध पिऊन झोपलं. हलकं वाटतंय, गार गार वाटतंय. ती हसतेय. तिनं माझा हात ओढून पोटावर ठेवला.

बोटं रुतली. काढली तर खळगे तसेच.

खुर्चीत जरा सरकली तर सगळं थलथलत राहिलं, ती थांबल्यावरसुद्धा —

जागृती तिला विचारतेय, साडीवर दूध सांडलं का तुझ्या. ओलं झालंय. पिवळसर.

गाडी. दवाखाना. सांगितलं मी. घराबाहेर काढायला हवं. सुरभी गाडी वळवतेय. पण एकदा लागलं का लागलं. प्रयोगशाळेत नेलेला दात तिथेही दातच होता. तिथेही —

काकूंचा फोन लागत नाही.

रूपाली हाका मारतेय. घाबरली नाहीये, कुणी तिला काही सांगितलेलंच नाही. म्हणते, अगं अपेक्षा, इकडे ये, गंमत बघ, कसला गोड वास येतोय माझ्या अंगाला. वेलदोड्याचा. इथपर्यंत येतोय. मला ओकारी —

नाही. तिच्यासमोर नाही. जाते. तिचा हात धरायला हवा, मागच्या वेळी तिनं माझा —

उंबऱ्यावर मुंग्या. कण्हेरीखालून येतायत. रांग ओट्यावरून, खुर्चीच्या पायावरून, हिरव्या साडीच्या काठावरून वर, आत, तिच्या